चित्रातले कपडे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

जुन्या व्यक्तिचित्रांत चेहरा तेवढा पाहावा, कपडे म्हणजे नुसती सजावट, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस. मला ते पटले नाही. चित्रातल्या पोशाखावरून त्या माणसाने त्या दिवशी काय घातले होते हे कळेलच असे नाही. जगाने आपल्याला कोण समजावे अशी त्याची इच्छा होती, ते मात्र नक्की कळते.

फ्रेंच चित्रकार रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई आठव. त्रेसष्ट वर्षांच्या या राजाने पांढऱ्या फरचे अस्तर असलेला आपला अवजड झगा एका बाजूला सारला आहे, तो केवळ पाय दिसावेत म्हणून. तंग पांढरे मोजे, एखाद्या तरुण नर्तकाला शोभाव्यात अशा पोटऱ्या आणि लाल टाचांचे बूट! उंच टाचा, रेशीम आणि लेस हे सारे आज आपण डोळे झाकून बायकांच्या खात्यात टाकतो; त्या दरबारात तीच मर्दानी रुबाबाची खूण होती. स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या १६५९ मधल्या चित्रातला स्पेनचा राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो तर मी प्रथम पाहिला तेव्हा मुलगीच समजलो होतो, कारण त्या काळी लहान मुलगेही पायघोळ झगेच घालत. त्याच्या पांढऱ्या एप्रनवर ताईत आणि घंटा लटकत आहेत. पोर चार वर्षांचे होण्याआधीच गेले.

तुझ्या म्हणण्याला खरे उत्तर मात्र १७८३ मध्येच मिळाले आहे. चित्रकर्ती व्हिजे लब्रूं हिने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवले आणि ते चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागताच, राणी अंतर्वस्त्रांतच बसली आहे की काय, अशी ओरड झाली. चित्र उतरवावे लागले. मग त्याच चित्रकर्तीने दुसरे काढले, त्यातही राणीच्या हाती गुलाब आणि चेहरा जवळजवळ तोच. अंगावर मात्र भारी रेशीम. चेहऱ्यालाच सारे महत्त्व असते, तर हा खटाटोप कशाला करावा लागला असता?

इंग्रज चित्रकार गेन्सबरोचा १७७० मधला निळ्या पोशाखातला मुलगा मला याहून चमत्कारिक वाटतो. लेसची रुंद कॉलर आणि चकाकते सॅटिन ही त्या मुलाच्या नव्हे, सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या, चित्रकार व्हॅन डाइकच्या काळातली तऱ्हा आहे. शिवाय तसाच पोशाख गेन्सबरोच्या इतर चित्रांतल्या मुलांच्याही अंगावर दिसतो, म्हणजे तो बहुधा चित्रशाळेतच ठेवलेला असावा. गेलेल्या काळाची हुरहुर त्या पोराला कशी असणार? ती चित्रकाराची आहे. पोर बिचारे दुसऱ्याच्या आठवणी अंगावर चढवून उभे आहे.

तू पाठवलेल्या चित्रातल्या म्हाताऱ्याच्या कॉलरकडे आता पुन्हा एकदा नीट पाहा, आणि ती त्याच्या स्वतःच्या काळातली आहे की त्याच्या आजोबांच्या, ते मला कळव.

तुझा,
विनायक