शाळेचे संगणक भंगारात काढण्याआधी

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते आणि कुणीतरी करायलाच हवं म्हणून संगणककक्षही सांभाळते. कक्षात अकरा संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं बंद झालं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, ते आमच्याकडे नाही. मग वरून निरोप आला, निर्लेखनाचा, म्हणजे यंत्रं नोंदीतून काढून भंगारात टाकायचा, प्रस्ताव पाठवा. एक सोडलं तर यंत्रं धडधाकट आहेत हो! एका कळफलकाची दोन बटणं तेवढी रुसली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना विचारून मी पेन ड्राइव्हवर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सवरची एक फुकट प्रणाली, घेतली आणि तीन यंत्रांवर टाकली. सुरुवातीलाच भाषांच्या यादीत ‘मराठी’ दिसलं तेव्हा मी एकटीच हसले. शाळा उघडल्यावर सहावीतल्या एका मुलीला भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक दाखवला. के दाबलं की क, सी दाबलं की म, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. ‘कमळ’ उमटलं, तशी ती मागे वळून म्हणाली, “बाई, ळ सापडला!”

हे डेबियन कुठल्या कंपनीचं नाही. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली ते सुरू केलं, आज जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात आणि आपला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात. (नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगं आहे.) २००४ साली आलेली उबुंटू ही प्रणाली याच्याच पायावर उभी आहे, आणि आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘बॉस’सुद्धा. केरळमधल्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होते. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण आणलं.

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण म्हणतो, पण सरकारी कचेरीत फुकट म्हणजे बिनकामाचं. त्यातून ही प्रणाली नुसती फुकट नाही. तिचा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा, बदलावा, शेजारच्या शाळेला द्यावा. परवान्याच्या नूतनीकरणाचं बिल येत नाही.

अडचणी लपवत नाही. आमचा जुना स्कॅनर अजून ओळख देत नाही. डिजिटल सहीचं टोकन मला लिनक्सवर चालवता आलं नाही, म्हणून कार्यालयाचा एक संगणक विंडोजवरच ठेवावा लागेल. आणि बिघडलं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न आहेच. तालुक्याला एक माणूस तयार केलात तरी पुष्कळ झालं.

मागणं एवढंच की निर्लेखनाच्या यादीतल्या चालू यंत्रांवर मुक्त प्रणाली टाकायची लेखी परवानगी शाळेला द्या, आणि पुढच्या संगणक-खरेदीच्या निविदेत विंडोजचंच नाव सक्तीचं ठेवू नका. तोंडी परवानगीवर लेखापरीक्षणात माझी बाजू टिकणार नाही.

प्रस्ताव या महिनाअखेर जायचा आहे. त्यात मी सध्या एकच यंत्र लिहिलं आहे, ज्याचा मदरबोर्ड खरोखर जळाला आहे. उरलेल्या दहांबद्दल काय लिहू, ते कळवावं.

आपली नम्र,
एक शिक्षिका