सूचना : गोकाक ते सौंदत्ती माळावरचा ट्रेक

मंडळी, डिसेंबरच्या ट्रेकची मीटिंग रविवारी संध्याकाळी टिळकवाडीत आहे, सगळ्यांनी या की. माळावर सावली नाही, पाणी माणशी 4 लिटर पाहिजेच, आणि वाळलेल्या गवतात चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. मध्य आशियाकडून थंडीत येणारे भोवत्या, ते शिकारी पक्षी हो, रात्री गवतात जमिनीवरच झोपतात, म्हणून दिवस मावळायच्या आधी कॅम्प लावायचा आणि नंतर उंच गवतात कुणी शिरायचं नाही, एकाचा पाय पडला तर अख्खा थवा उठतो बिचारा. लांडग्याची पिल्लंपण थंडीतच बिळात असतात, बीळ दिसलं की लांबूनच वाट बदला, फोटो नको. धनगरांच्या कळपाला वळसा घाला, कुत्री लई तापट असतात. नावं बुधवारपर्यंत कळवा, फॉरेस्ट ऑफिसात परवानगीचं विचारायचं आहे.