उजनीच्या पाण्यावर पाखरे उडवून दाखवू नका

मा. संपादक,
महोदय,

उजनी जलाशयावर जलपर्यटन वाढवण्याच्या शासनाच्या योजनेविषयी अधूनमधून बातम्या येतात आणि त्यांवर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एका बाजूला ‘रोजगार येईल’ असे म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला ‘पक्ष्यांसाठी सगळे बंद करा’ असे सांगणारे असतात. मी इंदापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक असून उजनीच्या उथळ पाण्याच्या काठी असलेल्या भिगवण परिसरातील होड्यांतून गेली अनेक वर्षे, बहुतेक वेळा विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, फिरलो आहे. या दोन्ही भूमिकांत प्रत्यक्ष होडीत काय घडते याचा विचार नसतो, म्हणून हे पत्र.

भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. डिकसळपासून पळसदेवपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी आणि घरे पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी काहींनी पुढे त्याच पाण्यात जाळी टाकून संसार उभे केले. आज हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नेणारा होडीवाला बहुधा मच्छीमारच असतो. पहाटे जाळे काढून, चिलापी मासे बाजारात पोचवून तो पर्यटकांसाठी होडी धुतो. त्याला या पाण्यावरून हटवून पक्षी वाचतील, ही कल्पना अन्यायाची तर आहेच, पण चुकीचीही आहे, कारण कोणत्या खाडीत आज किती थवे उतरले हे त्याच्याइतके कोणत्याही कार्यालयाला माहीत नसते.

उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्याचा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पातळीखालचा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की हे धरण ‘उणे’त जाते, 2024 मध्ये ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले होते. माणसांच्या दृष्टीने ही चिंतेची बाब, पण हिवाळ्यापासून ओसरू लागणाऱ्या पाण्यामुळे उघडा पडणारा गाळ हेच पाखरांचे ताट असते. रोहित चोच उलटी धरून त्या उथळ पाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो, लांब पायांचे शेकाटे काठाकाठाने किडे टिपत असतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. त्याच गाळावर शेतकऱ्यांची गाळपेर (उघड्या गाळातली पेरणी) होते आणि पाण्यामागे सरकणाऱ्या पंपांचे पाइपही तिथूनच जातात. म्हणजे वाटेकरी पुष्कळ आणि उथळ पाण्याचा पट्टा अरुंद. पाऊस चांगला होऊन पाणी उशिरापर्यंत चढेच राहिले, तर हा पट्टा आणखी आक्रसतो आणि थव्यांना पांगून बसायलाही जागा उरत नाही.

अशा ठिकाणी होडी किती जवळ न्यायची, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो होडीवाल्यापेक्षा पर्यटकाच्या हातात अधिक आहे. मोठी लेन्स लावलेले छायाचित्रकार आणि मोबाइल हातात घेतलेली कुटुंबे, दोघांचीही शेवटची मागणी एकच असते: “जरा उडवा ना!” बसलेल्या रोहितापेक्षा उडणारा रोहित अधिक सुंदर दिसतो, पंखांखालचा लाल-काळा रंग तेव्हाच उघडतो, हे मलाही मान्य आहे. (माझ्याही घरी तसे एक छायाचित्र भिंतीवर आहे, ते कसे मिळाले हे मी पाहुण्यांना सांगत नाही.) पण या पक्ष्याला उडण्याआधी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक दहा होड्या आल्या आणि प्रत्येकीने थवा एकदा उठवला, तर त्या पाखरांचा दिवस खाण्यात नव्हे, पळण्यात जातो. होडीवाल्याला हे समजत नाही असे नाही. पण गिऱ्हाईक नाराज झाले की पुढच्या वेळी ते शेजारच्या होडीत बसते.

यावर उपाय होडीवाल्यांनीच एकत्र येऊन ठरवला, तर तो टिकेल. थव्यातल्या माना एकदम वर झाल्या, पक्षी खाणे थांबवून एका दिशेने चालू लागले, की होडी तिथेच थांबवायची. अंतर मोजत बसण्यापेक्षा ही खूण अचूक. थव्याजवळ जाताना इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायची, हे जुने होडीवाले आजही करतात. भाडे वेळेच्या हिशेबाने आकारायचे आणि सर्वांचे सारखे ठेवायचे, म्हणजे ‘त्याने उडवून दाखवले’ ही स्पर्धाच उरणार नाही. ड्रोनला मात्र सरसकट मनाई हवी.

वेगाच्या बोटी, पाण्यावरच्या स्कूटर आणि तरंगती उपाहारगृहे यांचे काय, असे विचारले जाईल. त्यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या भिगवणच्या बाजूला आणण्याला. भीमानगरजवळ, धरणाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी खोल आहे आणि उथळ पाण्यातली पाखरे तिकडे चरत नाहीत. सुरक्षिततेच्या अटी पाळून ते खेळ तिकडे व्हावेत. अटी म्हणताना 21 मे 2024 ची घटना विसरता येत नाही. त्या दिवशी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती पर्यटकांची नव्हे, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची बोट होती, हे नवे धक्के बांधताना लक्षात ठेवलेले बरे.

राहिला कायद्याचा प्रश्न. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे त्या नियमांचा आधार उजनीला घेता येत नाही. पण नाशिक जिल्ह्यातला, गोदावरीवरचा नांदूर मध्यमेश्वर हाही मूळचा बंधाराच. तिथे 1986 मध्ये अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. उजनीला लगेच अभयारण्य करा असे मी म्हणत नाही, कारण मासेमारीवर त्याचा काय परिणाम होईल याची भीती इथे रास्तच आहे. डिसेंबर ते मार्च या काळापुरता, डिकसळ-कुंभारगावच्या उथळ पट्ट्यासाठी, जलसंपदा विभाग, वन विभाग, ग्रामपंचायती आणि मच्छीमार संस्था यांनी मिळून एक पानाची नियमावली करावी आणि ती प्रत्येक धक्क्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावी. जलपर्यटनाच्या आराखड्याला अंतिम रूप देण्यापूर्वी संबंधित खात्यांनी होडीवाल्यांची एक बैठक भिगवणला घ्यावी. ती सकाळी नको, कारण तेव्हा ते पाण्यावर असतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. इंदापूर, जि. पुणे