टायर दगड करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या क्रीडा पुरवणीत सायकलच्या टाइम ट्रायलसाठी (घड्याळाविरुद्ध एकट्याने पळवायच्या शर्यतीसाठी) टायर कसे निवडावेत यावर लेख आला होता. लेख बरा होता, पण त्यात एक सल्ला होता: टायर जितका टणक तितका वेगवान, म्हणून शर्यतीच्या दिवशी 120 पीएसआय दाबाने हवा भरावी. आमच्या गल्लीतला अकरावीतला मुलगा ते कात्रण खिशात घालून माझ्याकडे पंप मागायला आला. चाकं नवी कोरी, टायर 28 मिलिमीटरचे ट्यूबलेस आणि रिम हूकलेस. टायर धरून ठेवायला रिमच्या कडेला आतून वळलेली जी धार असते, ती या रिमला नसतेच. अशा रिमवर हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय. 120 भरली तर टायर रिम सोडून उडू शकतो, आणि तोही उतारावर. पोराकडे स्वतःचा पंप नव्हता हे नशीब.

मी मिरजेत एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे आणि बारा वर्षं हौसेने टाइम ट्रायलमध्ये उतरतो. यात एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात, कुणाच्या मागे लपून वारा चुकवायची सोय नाही. 1989 च्या टूर दि फ्रान्स शर्यतीत अमेरिकेचा ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशीच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमुळे अवघ्या 8 सेकंदांनी जिंकला, तेव्हापासून वारा कापणाऱ्या हँडलबार आणि हेल्मेटबद्दल सगळे बोलतात. टायरचा विषय निघाला की मात्र अंगठ्याने दाबून बघायचं आणि ‘अजून दोन पंप मार’ म्हणायचं.

हिशोब सोपा आहे. मी आणि सायकल मिळून 80 किलो. ताशी 40 किलोमीटरला साध्या टायरवर (घर्षण गुणांक 0.005 धरला तर) सुमारे 44 वॉट नुसते टायर घरंगळवण्यात जातात, तर चांगल्या टायरवर (0.003) 26. हे 17-18 वॉट म्हणजे माझ्यासारख्याला 40 किलोमीटरमध्ये जवळपास दीड मिनिट. त्यासाठी टायरचं कापड पातळ आणि लवचीक हवं, वरचं रबर कमी हवं. टायर रस्त्याला टेकतो तिथे सतत दबतो आणि सुटतो, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. जाड टायरमध्ये जास्त जाते. आकडा मोठा तितकं कापड तलम असं समजून बाजूवर छापलेल्या दर इंचातल्या धाग्यांच्या आकड्याला भुलू नये. 330 लिहिलेल्या टायरमध्ये 110 धाग्यांचे तीन थर असू शकतात.

टणक टायर वेगवान, हे प्रयोगशाळेत टायर ज्यावर फिरवून तपासतात त्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर खरं ठरतं. आमचा रस्ता ड्रम नाही. खडी वर आलेल्या डांबरावर टणक टायर प्रत्येक खड्याला उडतो, आणि ते उडणं आपल्या मांड्या आणि पाठ शोषून घेतात. ती शक्ती पुढे जायच्या कामी येत नाही. मी हे दंडोबा डोंगराच्या पायथ्याजवळच्या उतारावर करून पाहिलं. पहाटे, वारा पडलेला असताना, टायर तेच 25 चे. आधी 105 पीएसआय, मग 75. पॅडल न मारता एकाच खुणेपासून सायकल सोडायची आणि थांबली तिथे खडूची रेघ ओढायची, असं पाच-पाच वेळा. 75 च्या रेघा सरासरी 11 पावलं पुढे होत्या. म्हशी घेऊन निघालेला एक गृहस्थ तेवढा वेळ बघत उभा राहिला आणि ‘काय मोजताय?’ विचारून उत्तर न ऐकताच गेला.

ट्यूब वापरत असाल तर लॅटेक्सची घ्या, नेहमीच्या काळ्या ब्यूटाइलपेक्षा काही वॉट वाचतात. पण ती हवा धरत नाही. रात्री 80 भरलेली सकाळी 65 वर असते, म्हणून हवा शर्यत सुटायच्या जरा आधी भरायची, आदल्या रात्री नाही.

लेखात न आलेली गोष्ट म्हणजे काटे. शर्यतीचे टायर पातळ, त्यांना पंक्चरपासून संरक्षण कमीच. आमच्याकडच्या शर्यती होतात ऐन गळीत हंगामात. बाभळीचा काटा कडेला असतोच, शिवाय उसाच्या बैलगाड्या जातात त्या रस्त्यावर बैलाच्या नालाचे खिळे पडतात. मागच्या हंगामात 19 व्या किलोमीटरला असाच एक खिळा माझ्या मागच्या टायरमध्ये पूर्ण आत गेला. चपटं डोकं तेवढं बाहेर चकाकत होतं. माझ्यामागून सुटलेले सहा जण मी कडेला उभं राहून मोजले. तेव्हापासून मी मागे जरा जाड टायर लावतो, चार-पाच वॉट गेले तरी चालतील, पुढे मात्र पातळच. पुढच्या चाकावर भार कमी असतो.

तेव्हा आयोजकांनी शर्यतीच्या पहाटे रस्त्याची डावी कड झाडून घ्यावी. दोन माणसं, दोन खराटे आणि एक टेम्पो पुरे. आणि आपण 120 च्या आकड्याची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत छापावी, जमल्यास मूळ लेख आला होता त्याच पानावर. त्या मुलाला मी माझ्या पंपाच्या काट्यावर 70 ला लाल नेलपॉलिशची रेघ मारून दिली आहे. नेलपॉलिश बायकोचं, त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही.

आपला,
एक हौशी सायकलपटू, मिरज