देखणी पीडिता, कुरूप खलनायक

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरातल्या अत्याचारावरच्या कथांमध्ये मारणारा राकट, डागाळलेल्या चेहऱ्याचा आणि सोसणारी गोरी, नाजूक असते. वाचकाचा कौल पहिल्या पानावरच ठरतो. मग देखणा, गोडबोल्या बाप संशयातून सुटतो आणि रूपाने बेताच्या मुलीच्या वाट्याला हळहळही कमीच येते.

खरं तर रूप हे घरातलंच एक हत्यार असतं. बहिणींची तुलना, ताटातला घास मोजणं, रंगावरून लावलेलं टोपणनाव. टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या अमेरिकी कादंबरीत हे फार बारकाईने आलं आहे. गरोदर कृष्णवर्णीय पॉलीन हॉलिवूड नटी जीन हार्लोसारखी केशरचना करून सिनेमाला बसते आणि गोड गोळी चावताना तिचा पुढचा दात पडतो. पडद्यावरून शिकलेल्या याच मापाने पुढे ती पोटच्या मुलीला, पेकोलाला, कुरूप ठरवते. पॉलीन कामाला असते त्या मालकांच्या स्वयंपाकघरात गरम बेरीचं भांडं सांडतं, पेकोलाचे पाय पोळतात. तरी मार तिलाच बसतो आणि मालकांच्या गोऱ्या मुलीला पॉलीन जवळ घेते. पॉलीन खलनायिका नाही, पण तिला माफही करवत नाही. करड्या छटेचं पात्र म्हणतात ते हे.

आपल्याकडचे बरेच लेखक करडी छटा आणायची म्हणून शेवटी मारणाऱ्याचं दुःखी बालपण जोडून देतात. तिथे ते बचावाच्या वकिलाचं भाषण होतं. मॉरिसन पेकोलाचा बाप चॉली याचा भूतकाळ त्याने तिच्यावर केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या आधी सांगतात. चार दिवसांचा असतानाच आईने टाकलेला हा माणूस आपण पुरता ओळखू लागतो आणि तरीही त्याच्या कृत्याची धार तसूभर कमी होत नाही. शेवटची पानं मुलीच्या मनाची काय वाताहत झाली, याला दिलेली आहेत. हा क्रम लेखकांनी जरूर अभ्यासावा.

आणखी एक जागा हमखास सुटते, ती मारहाणीनंतरच्या दिवसांची. भेटवस्तू, रडून मागितलेली माफी, अचानक आलेलं कौतुक. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या, वाढता ताण, मारहाण आणि मग माफी अशा हिंसाचक्रातला हा तिसरा टप्पा. सगळ्या घरांना तो लागू पडत नाही, पण जिथे पडतो तिथे तो गाळला की 'ती निघून का गेली नाही?' हा प्रश्न वाचक बाईलाच विचारतो. गप्प राहणाऱ्या आईचंही तसंच. तिला काय, केव्हा कळलं आणि बोलली असती तर काय गेलं असतं, हे प्रसंगातून दिसायला हवं.

परीक्षणं छापताना या बाजूंकडे लक्ष द्यावं, ही विनंती. सुंदर चेहऱ्यावर नेटका निळा वळ काढलेल्या मुखपृष्ठांबद्दलही लिहून यावं.

एक वाचक