अप्पा, जळालेलं रीळ परत मिळालं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, 18 जानेवारी 2015

ती. आई आणि ती. अप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला फोन केला तेव्हा तीनदा लाइन तुटली आणि अप्पांना माझं निम्मं ऐकूच गेलं नाही, म्हणून हे पत्र. तिळाच्या वड्या पोचल्या. दोन-चार मोडल्या होत्या, चव तीच आहे. मी खुशाल आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, स्वेटर घालते.

आई, आधी तुझ्या रागाचं. तिकडे शनिवारी सकाळी, म्हणजे इथे शुक्रवारी रात्री, तू चार वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही. मी सिनेमाला गेले होते, फोन बंद करून ठेवला होता. कुठे पडले नव्हते, काही झालं नव्हतं. रात्री बाहेर होते म्हणजे काही सुनसान रस्त्यावर नव्हते. चौदाशे माणसं बसतील असं थिएटर आहे आणि ते भरलेलं होतं. इथून ट्रेन जाते, थिएटर स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे, आणि परत यायची शेवटची गाडी चुकू नये म्हणून आम्ही दुसरा सिनेमा न बघताच निघालो. एका तिकिटात दोन होते. पैसे वाया गेले हे मलाही कळतं, पण त्याबद्दल रागावू नकोस.

अप्पा, आता तुमच्यासाठी लिहिते. हे सगळं तुम्हाला सांगायचं म्हणूनच पत्राला बसले आहे.

थिएटरचं नाव कॅस्ट्रो, सॅन फ्रान्सिस्कोतलं, 1922 सालचं. छत तंबूसारखं रंगवलेलं. सिनेमाआधी पडद्यासमोरच्या खड्ड्यातून एक प्रचंड ऑर्गन वर येतो, वाजवणारा त्यावर बसलेला असतो, आणि शेवटी तो या शहराचं गाणं वाजवतो तेव्हा सगळं थिएटर ठेक्यात टाळ्या देतं. दर जानेवारीत इथे दहा दिवस ‘नॉयर सिटी’ नावाचा महोत्सव असतो. नॉयर म्हणजे काळा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेचे अडकून पडलेले सिनेमे एकदम पॅरिसला पोचले. त्यातले गुन्ह्याचे, रात्रीचे, सावल्यांचे सिनेमे बघून तिथल्या समीक्षकांनी 1946 मध्ये हे नाव दिलं. हॉलिवूडमध्ये ते करणाऱ्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं की आपण काही निराळं करतोय. बरेचसे थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत उरकलेले. दिवे कमी लावले की सेटचा गरीबपणा दिसत नाही, हेही एक कारण. तुम्ही म्हणायचात ना, अंधार फुकट मिळतो.

आम्ही बघितला तो ‘वुमन ऑन द रन’, 1950 चा. जेमतेम सव्वा तासाचा. ॲन शेरिडन नायिका. ती वॉर्नर ब्रदर्सची मोठी नटी होती, तिथून बाहेर पडून तिने फिडेलिटी पिक्चर्स नावाच्या लहानशा कंपनीसाठी हा केला. दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर. कॅमेरामन हॅल मोर, आणि हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला! त्याच्या ऑस्करची गोष्ट तुम्हाला आवडेल. 1935 च्या सिनेमांसाठी नामांकनाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मत देणाऱ्यांनी आपल्या हाताने चिठ्ठीवर ते लिहिलं आणि तो जिंकला. पुढे हाताने नाव लिहायची सोयच बंद केली, त्यामुळे असं जिंकलेला तो एकटाच.

इथली एक पद्धत मला अजूनही पचलेली नाही, ती नीट सांगते. सिनेमा सुरू होताना नावं येतात ना, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. नुसत्या नटांना नाही. आधी नटीच्या नावाला, मग दिग्दर्शकाच्या, आणि हॅल मोरचं नाव आलं तेव्हा तर माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ अर्धे उठलेच. आणि अप्पा, ही सगळी माणसं केव्हाच गेलेली आहेत. ऐकायला कोणी नाही. मला आधी वाटलं की नातेवाईक आले असतील. तसं काही नाही. कितीतरी बायका-पुरुष 1940 च्या वेळचे कपडे घालून आलेले, हॅट, हातमोजे, मागे शिवण असलेले मोजे, तेही कोणी सांगितलेलं नसताना. आणि एकदा नावं संपली की चिडीचूप. कोणी वेफर्सची पिशवीसुद्धा वाजवत नाही. टाळी कुठे द्यायची आणि कुठे नाही याचा जणू अलिखित नियम आहे: नावाला द्यायची, पहिल्यांदा दिसलेल्या चेहऱ्याला द्यायची, पण मारामारीला नाही. आपल्या टॉकीजमध्ये हीरो आला की शिट्ट्या आणि चिल्लर पडायची, ती मला कळते. पण कॅमेरामनच्या नावाला टाळी? दोनदा विचारून घेतलं, तेव्हा उत्तर मिळालं की त्यांनी काम केलं म्हणून. एवढंच.

आता रिळाचं. हा सिनेमा जवळजवळ गेलाच होता. महोत्सव चालवणारे एडी मुलर यांनी मोठ्या स्टुडिओच्या गोदामात याची एक प्रत शोधून काढली होती आणि 2003 मध्ये पडद्यावर दाखवली. मग 1 जून 2008 ला त्याच स्टुडिओच्या, युनिव्हर्सलच्या, आवारात आग लागली. छपराचं काम करणाऱ्यांनी बर्नर वापरला होता, त्यातून. त्यात ती प्रत जळाली. अमेरिकेत दुसरी नव्हती. बाजारात नुसत्या धुरकट नकला उरल्या, त्यात रात्रीचे प्रसंग म्हणजे काळं फडकं.

हे ऐकताना मला आपला 2003 चा जानेवारी आठवला. पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली, प्रभातची रिळंही त्यात होती. तुम्ही पेपर वाचलात, घडी घातलीत आणि त्या दिवशी जेवला नाहीत. आई म्हणाली, कोणाचं काय आणि याचं काय. मी तेव्हा कॉलेजात होते, मलाही तसंच वाटलं. नायट्रेट पाण्यात बुडवलं तरी जळतं, हे तुमच्या उस्तादांनी सांगितलेलं तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल, आणि मी किती वेळा ‘हो हो’ म्हणून अभ्यासाला बसले.

या सिनेमाचं मात्र नशीब निघालं. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे त्याचं साहित्य जपलेलं होतं. त्यावरून इथल्या यूसीएलए विद्यापीठाच्या फिल्म संग्रहालयाने तो पुन्हा उभा केला, आणि शुक्रवारी त्याची नवी 35 मिमीची प्रत पहिल्यांदा पडद्यावर पडली. कॉम्प्युटरवरून नव्हे, मशीनवरून. रीळ बदलायच्या वेळी उजव्या कोपऱ्यात ते टिपके आले, अप्पा! पहिला टिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर, दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर पुढचं रीळ. टॉकीजमधल्या तुमच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून मी ते ओरडून सांगायचे. मी मागे वळून त्या चौकोनी झरोक्याकडे पाहिलं. शेवटी सगळे पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होते तेव्हा मी मागे तोंड करून वाजवल्या. 27 वर्षं तुम्ही त्या झरोक्यामागे उभे होतात. प्रोजेक्टरच्या दिव्याचे कार्बन जुळवून जुळवून डोळे गेले, आणि खालून फक्त रीळ तुटल्यावरच हाक यायची.

आई, गोष्ट तुझ्यासाठी. फ्रँक नावाचा चित्रकार असतो. चित्रं खपत नाहीत म्हणून एका मोठ्या दुकानात काचेतले पुतळे सजवायची नोकरी करतो. रात्री कुत्र्याला फिरवताना त्याच्यासमोर खून होतो. खुनी त्याच्यावरही गोळ्या झाडतो, पण अंधारात नेम बसतो तो त्याच्या भिंतीवरच्या सावलीवर. साक्ष द्यावी लागली तर आपलाही जीव जाईल म्हणून फ्रँक तिथूनच पळतो. इन्स्पेक्टर त्याच्या बायकोकडे, एलेनॉरकडे जातो, आणि त्या बाईला नवऱ्याबद्दल काही सांगताच येत नाही. संसार आटलेला आहे. तो कोणाकडे जाईल, त्याचे मित्र कोण, तिला ठाऊक नाही. त्याचं हृदय नाजूक आहे, रोज औषध लागतं, हेही तिला डॉक्टरकडून कळतं. त्याने घरी सांगितलेलंच नसतं.

मग औषध पोचवायला ती रात्रभर, दिवसभर त्याला शोधते. सॅन फ्रान्सिस्को तर दिसतंच, चढ, पायऱ्या, चायनाटाउन, आता मी ओळखते ते रस्ते पासष्ट वर्षांपूर्वीचे. पण ज्याच्या-त्याच्याकडून तिला नवऱ्याची एकेक गोष्ट कळत जाते. दुकानातल्या पुतळ्यांना त्याने हिचाच चेहरा दिलेला असतो. तिच्या हाती त्याचं एक पत्र येतं, त्यात जागेचं नाव नाही, फक्त खूण: जिथे मी तुला पहिल्यांदा गमावलं तशी जागा. दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून. आणि तिलाच ते आठवत नाही. सगळा सिनेमाभर ती आठवत राहते. तिला मदत करणारा बातमीदार कोण निघतो ते लिहीत नाही, प्रत मिळाली की तुम्हीच बघा. शेवटी समुद्रकाठच्या जत्रेत ती रोलर कोस्टरच्या गाडीत अडकलेली, खाली नवऱ्याचा जीव धोक्यात, आणि गाडी थांबवता येत नाही. मी हाताची नखं खाल्ली. नवरा वाचतो, एवढं सांगून टाकते, नाहीतर तू मला विचारत बसशील.

अप्पा, औषधाच्या प्रसंगापासून माझं लक्ष पडद्यावर राहिलं नाही. दिवाळीआधी तुमच्या छातीत दुखलं, दोन रात्री दवाखान्यात काढल्या, हे मला दादाच्या बायकोकडून कळलं, तेही संक्रांतीला, तेही बोलता बोलता. दिवाळीत मी आले नाही आणि तुम्ही फोनवर म्हणालात, सगळं छान आहे, तू काम बघ. मला काळजी नको म्हणून, हे मला समजतं. पण मग मी एलेनॉरपेक्षा निराळी कुठे आहे? मला कोणी विचारलं की तुमचे वडील कोणत्या गोळ्या घेतात, तर मला सांगता येणार नाही. आई, तूही लपवलंस. मी रागावलेली नाही. सुट्टी खरोखरच मिळाली नव्हती. नाही, खरं लिहिते: मागितली असती तर मिळाली असती. नव्या कामात लगेच मागायला भ्यायले.

पैसे पाठवले आहेत, 1800 डॉलर. डॉलर सध्या बासष्टच्या आसपास आहे, म्हणजे 1 लाख 11 हजार होतील. ते तपासण्यांसाठीच आहेत. माडीचं छप्पर नंतर बघू. दादाला द्यायचे नाहीत, त्याचं मी वेगळं बघते. आणि ‘तुझ्याकडे काय उरलं’ असं विचारू नका, उरलेले आहेत.

आता ‘आम्ही’. आई, वरती तो शब्द वाचून तू थांबली असशील. सांगलीचं जे स्थळ मावशीने आणलंय त्यांना कृपा करून नाही म्हणून कळव, मुलगी तिकडेच राहणार असं सांग, म्हणजे कोणाचा अपमान होणार नाही. माझ्याबरोबर जो आला होता तो नागपूरचा आहे. एका प्रयोगशाळेत काम करतो. वर्षभराची ओळख आहे. त्याचं एकदा लग्न झालं होतं आणि मोडलं, मूल नाही, हे मी आत्ताच लिहिते कारण नंतर दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला कळू नये. नाव फोनवर सांगेन, तुम्ही दोघं एकत्र बसलेले असाल तेव्हा. टाळ्यांचं मी दोनदा विचारलं, ते त्यालाच. त्याने अप्पांबद्दलही खूप विचारलं: कार्बन किती वेळ पुरायचा, रिळांच्या पेट्या कुठून यायच्या, सायकलवरून की एसटीने. मला निम्म्याची उत्तरं देता आली नाहीत.

मे महिन्यात येते. तिकिटाची तारीख पुढच्या आठवड्यात कळवते, यावेळी बदलणार नाही. त्यालाही आणावं की मी एकटीनेच यावं, हे तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर नाही आणणार, पण एकदा बोलू तरी द्या.

दोघांच्या पायांवर डोकं.

तुमची,
बेबी

ता. क. अप्पा, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो दादाकडून पाठवून घ्या, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. आणि पेट्यांचं उत्तर लिहा: मिरजेला त्या कोल्हापुरातून यायच्या की पुण्याहून?