समाधानी आहेत, म्हणून थकत नाहीत?

महोदय,

‘पाळकांना काय, आठवड्यातून एक दिवस काम!’ हा विनोद मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. माझे पती पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू आहेत. लोकांना रविवारची उपासना दिसते. सकाळचा अंत्यविधी उरकून, कपडे बदलून, संध्याकाळी लग्नाला हसऱ्या चेहऱ्याने उभं राहणं दिसत नाही. ‘नवरा पिऊन आलाय, जरा येऊन समजवा’ असा रात्रीचा फोन, गळक्या छताची वर्गणी, चर्चच्या पंचांची भांडणं, आणि या सगळ्यातून उरलेल्या शनिवारच्या रात्री लिहिलेला उपासनेतला संदेश, तेही नाही.

तरीही त्यांना विचारा, समाधानी आहात का? ‘हो’ म्हणतील, आणि ते खरंच असेल. शिकागो विद्यापीठाच्या 2007 च्या अहवालात अमेरिकेतल्या सगळ्या व्यवसायांत धर्मगुरूच कामावर सर्वांत खूश निघाले: 87 टक्के ‘अतिशय समाधानी’. त्याच देशात मार्च 2022 मध्ये बार्ना या सर्वेक्षण संस्थेने विचारलं, तेव्हा 42 टक्के पाळकांनी वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा गंभीर विचार केल्याचं सांगितलं. मधल्या करोनाचा त्यात वाटा असणारच. पण लेस्ली फ्रान्सिस हे ब्रिटिश अभ्यासक धर्मगुरूंचा थकवा आणि समाधान वेगवेगळं मोजतात, कारण दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. आमच्या घरात नांदतातच.

घात इथेच होतो. समाधानी माणूस सुट्टी मागत नाही आणि चर्चच्या मंडळीला ती द्यायचं सुचत नाही. थकलो म्हणावं तर ‘प्रार्थना कमी पडतेय’ हे ठरलेलं उत्तर. (बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, उपदेश नाही. 1 राजे, अध्याय 19.) जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये अशा थकव्याचं (‘बर्नआउट’चं) मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणात असल्याचं म्हटलं आहे. श्रद्धेचा तिथे उल्लेख नाही.

बोलायचं तरी कुणाशी? मंडळीतल्या माणसांची गुपितं यांच्यापाशी, त्यामुळे मन मोकळं करायला तिथे कुणी नाही. वरिष्ठांकडे जावं तर बदली त्यांच्याच हातात. राहतं घर चर्चचं. नोकरी सुटली की छप्परही सुटलं.

म्हणून पंचांना आणि वरिष्ठांना माझं सांगणं आहे. नेमणूकपत्रात साप्ताहिक सुट्टीचा वार लिहा आणि त्या दिवशीचे फोन पंचांपैकी कुणीतरी घ्या. चर्चच्या बाहेरचा समुपदेशक मिळू द्या, ज्याच्याकडची गोष्ट वरिष्ठांच्या कानावर जाणार नाही. पगाराचं तूर्त राहू द्या. तो विषय निघाला की सगळ्यांना एकदम प्रभूची गरिबी आठवते.

– एका पाळकाची पत्नी